हंगामी उत्पन्न असणाऱ्यांनी पैशाचं नियोजन कुठून शिकावं? पुस्तकं, संकेतस्थळं, अनुभव सांगा

तांबडीमाती

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. फळ धरणारी कलमं एकशे दहा, शिवाय थोडी काजू. बाग सासऱ्यांनी लावली, आता हिशेब माझ्याकडे आला आहे.

पैसा येतो एप्रिल ते जून, वाशीच्या घाऊक बाजारातून दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, येतील तसा. जूनमध्ये हात सैल असतो. घराची डागडुजी, मुलांच्या फिया, लग्नकार्यांचे आहेर, मग गणपती. दिवाळी उलटली की खतं आणि मोहोराच्या फवारण्या सुरू होतात आणि तेव्हाच खातं कोरडं असतं. मग दलालाकडून उचल. उचलीला व्याज नसतं, म्हणून इतकी वर्षं ती फुकट वाटायची. पण उचल घेतली की सगळा माल त्याच गाळ्यावर जातो, शेजारच्या गाळ्यावर पेटीला दोनशे रुपये जास्त मिळत असले तरी. ते दोनशे रुपये म्हणजेच व्याज, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली.

गेल्या पावसाळ्यात ठरवलं की हा विषय नीट शिकायचा. तीन पुस्तकं वाचली. जॉर्ज क्लेसनचं बॅबिलॉनच्या श्रीमंत माणसाचं १९२६ चं पुस्तक: मिळकतीचा दहावा हिस्सा आधी बाजूला काढ, मग खर्च कर. मॉर्गन हाउसेलचं 'द सायकॉलॉजी ऑफ मनी', त्यात पैशापेक्षा माणसाच्या वागण्याबद्दल जास्त आहे. आणि मोनिका हालन यांचं २०१८ चं 'लेट्स टॉक मनी', तिघांत सगळ्यात कामाचं, कारण ते भारतातल्या माणसासाठी लिहिलेलं आहे. पण जवळपास प्रत्येक ठिकाणी सुरुवात तीच, पगार जमा झाला की अमुक करा. आमच्याकडे पगार जमा होत नाही. वर्षातून एकदा पैसा येतो, आणि किती येईल ते जानेवारीतल्या थंडीवर आणि एप्रिलमधल्या पावसावर ठरतं.

ज्यांचं उत्पन्न असं आहे त्यांनी काय वाचलं, कुठे शिकलात, आणि त्यातलं प्रत्यक्षात काय उतरलं, ते सविस्तर लिहा. मराठीत काही असेल तर फारच बरं.

भरतीओहोटी

ताई, धागा काढलात ते उत्तम केलंत. मी बँकेतून निवृत्त झालो, नोकरीतला बराच काळ रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शाखांत गेला. पुस्तकांबद्दल इतर लिहितीलच, मी फुकट आणि अधिकृत साहित्यापासून सुरू करतो, कारण ते कुणी उघडूनच बघत नाही.

रिझर्व्ह बँकेची आर्थिक साक्षरतेची पुस्तिका आहे. बचत, कर्ज, तक्रार कुठे करायची, सगळं चित्रांसकट. 'राजू आणि चाळीस चोर' नावाची आणखी एक आहे, फसवणुकीचे चाळीस प्रकार गोष्टीरूपाने. घरातल्या वयस्कर माणसांना दुपारी वाचून दाखवण्यासारखी. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची वित्तीय शिक्षण पुस्तिका मराठीत उपलब्ध आहे, ती घराघरात असावी असं मला मनापासून वाटतं.

आता एक गोष्ट, जी काउंटरवर बसून मी शेकडो लोकांना सांगितली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. २०२० आधी तो एक लाख होता. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. आपल्याकडे लोक पतसंस्थेलाही 'बँक' म्हणतात आणि अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी आंब्याचा सगळा पैसा तिथे ठेवतात. चांगल्या पतसंस्था आहेत, माझं स्वतःचंही एका ठिकाणी खातं आहे. पण विमा कुठे आहे आणि कुठे नाही हे माहीत असूनच पैसा ठेवावा. आणि गावात कुणी नवीन योजना घेऊन आलं, तर ती संस्था ठेवी घ्यायला अधिकृत आहे का ते रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर बघता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

रापण

मालवणातसून लिवतंय. माका पुस्तका वाचूची सवय नाय, पण ह्यो विषय बघून गप रवाक जमला नाय. तुमचो पैसो वर्षात एकदा येता, आमचो रोज येता नि रोज जाता. १ जून ते ३१ जुलै बंदी, ६१ दिवस होडी वर. त्याच दोन म्हयन्यांत खलाशांका आगाऊ देवचे लागतत, जाळी शिवची लागतत, इंजिन खोलूचा लागता.

चार वर्सामागे इंजिनासाठी एका खाजगी फायनान्सवाल्याकडसून एक लाख घेतलंय. तो म्हणालो, फक्त बारा टक्के, फ्लॅट. दोन वर्सा, म्हयन्याक ५,१६७ रुपये. माका वाटला, बारा टक्के म्हणजे बऱ्यापैकी स्वस्त. मगे पुतणीन मोबाईलवर मांडून दाखवल्यान. व्याज बारा नाय, साडेएकवीस टक्के पडला! तवापासून मी आकडो इचारल्याशिवाय सही करनय नाय. पण ता साडेएकवीस कसा झाला, ता कोणीतरी सगळ्यांका समजान सांगा.

भरतीओहोटी

रापण, पुतणीचं गणित अगदी बरोबर आहे. फ्लॅट दरात व्याज पूर्ण एक लाखावर दोन्ही वर्षं लावतात. १२ टक्क्यांनी दोन वर्षांचे २४,००० झाले. एकूण १,२४,००० भागिले २४ हप्ते, म्हणजे ५,१६७. पण तुम्ही पहिल्या महिन्यापासून मुद्दल फेडत होतात. वर्ष संपताना तुमच्याकडे त्यांचे निम्म्याच्या आसपास पैसे उरले होते, आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर चालू होतं. घटत्या शिल्लकीवर तोच हप्ता मांडला तर महिन्याला १.८ टक्के, वर्षाला २१.६ टक्के येतात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तिगत आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेने 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचं केलं आहे. बँक असो की वित्त कंपनी, शुल्कांसह खरा वार्षिक दर त्या कागदावर लिहावाच लागतो, तोही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. सहीच्या आधी तो कागद मागा. शिवाय किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळतं. खेळत्या भांडवलासाठी ते खाजगी कर्जापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. बंदीच्या आधीच, एप्रिलमध्ये अर्ज करा. जूनमध्ये धावपळ नको.

सुरंगी

गुहागरजवळ आमचं घरगुती राहण्या-जेवणाचं आहे. पर्यटक दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. पावसाळ्यात चार महिने जवळजवळ शुकशुकाट. त्यामुळे तांबडीमाती, तुमचं दुखणं मला पुरतं कळलं.

हालन यांच्या पुस्तकात तीन खात्यांची पद्धत आहे, आठवते ना? मिळकत एका खात्यात येते, तिथून ठरलेली रक्कम खर्चाच्या खात्यात जाते, उरलेली गुंतवणुकीच्या. पगारदारासाठी हे दर महिन्याला होतं. मी त्यात एक पायरी वाढवली. हंगामाचा पैसा आला की मीच मला पगार देते. कसा, ते सांगते, कारण यात पुस्तकापेक्षा आमच्या बँकेतल्या मुलीची मदत जास्त झाली.

मेअखेर हिशेब केला की पुढच्या सात महिन्यांच्या घरखर्चाच्या सात वेगवेगळ्या मुदत ठेवी करते. एक ३० दिवसांची, एक ६० दिवसांची, एक ९० ची, अशा. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास एक ठेव पिकते आणि खर्चाच्या खात्यात पडते. ती संपली की संपली, पुढच्या महिन्याची मोडायची नाही. पहिल्या वर्षी गणपतीत मोडली. दुसऱ्या वर्षी गणपतीचीच वेगळी ठेव केली, आणि मग मोडायची वेळ आली नाही.

पगार किती धरायचा, यात मी सुरुवातीला चुकले. सरासरी धरली. सरासरीने पगार ठरवला आणि पुढचंच वर्ष वादळवाऱ्याचं निघालं. आता गेल्या पाच वर्षांतलं सगळ्यात पडेल वर्ष धरते. चांगल्या वर्षी जे जास्त येतं ते आधी पुढच्या हंगामाचं भांडवल, मग आपत्कालीन शिल्लक, मग पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. तुम्ही म्हणालात तो दहावा हिस्सा मी या जास्तीतून काढते, पगारातून काढत नाही.

एक खबरदारी घ्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ठेवीचं व्याज करपात्र असतं. विवरणपत्रात दाखवा.

चाकरमानी_परळ

मी मुंबईत नोकरीला, घर संगमेश्वरकडे. इथे अजून रॉबर्ट कियोसाकीच्या 'रिच डॅड पुअर डॅड'चं नाव कसं आलं नाही? मराठीत सहज मिळतं. पैशाबद्दल घरात बोलायला मला त्या पुस्तकाने शिकवलं. तोवर आमच्याकडे बाबांचा पगार किती हे आईलाही माहीत नव्हतं. त्यातली एक व्याख्या डोक्यात पक्की बसली: खिशात पैसा घालते ती मालमत्ता, खिशातून काढते ते देणं. त्या हिशेबाने आमचं गावचं बंद घर देणं ठरतं. दरवर्षी रंग, वाळवी, वीजबिल, घरपट्टी. मी तर विकूया म्हणत होतो. बाबा आठ दिवस बोलले नाहीत.

सुरंगी

दादा, पुस्तकाची व्याख्या चांगली आहे, पण ती घराला लावताना जपून. ज्या घरात गणपती येतो आणि आईबाबा म्हातारपणी राहणार आहेत, त्याच्या खर्चाचा आकडा माहीत असावा एवढंच. आकडा माहीत असला की बाकी निर्णय घरचे मिळून घेतील. आमचंही घर आधी देणंच होतं, दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या तेव्हा ते खिशात पैसे घालायला लागलं. मला त्या पुस्तकाची खरी भीती वाटते ती दुसऱ्या कारणासाठी. कर्ज काढून मालमत्ता घ्या, हा सूर त्यात फार आहे. हप्ता दर महिन्याला जातो आणि आपला पैसा मेमध्ये येतो. हंगामी माणसाने तो भाग वाचून लगेच उडी मारू नये.

तांबडीमाती

ही व्याख्या मी काल रात्री बागेला लावून पाहिली! कलमागणिक. फवारणी, खत, राखणदार, काढणी, पेट्या, वाहतूक असा दर कलमाचा खर्च काढला आणि समोर गेल्या दोन हंगामांच्या पेट्या मांडल्या. एकशे दहापैकी अठरा कलमं स्वतःचा खर्चही भागवत नाहीत. सगळी उतारावरची, जुनी, गच्च वाढलेली. इतकी वर्षं आम्ही त्यांना इतरांइतक्याच फवारण्या देत होतो. पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात साठवलेल्या होत्या म्हणून हे कळलं. सासूबाईंनी त्या टाकू दिल्या नाहीत.

भरतीओहोटी

उत्तम! मात्र ती अठरा तोडायची घाई करू नका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या आंबाबागांच्या पुनरुज्जीवनाची छाटणीची पद्धत दिलेली आहे. आधी तिथे किंवा कृषी सहायकाला विचारा. यंदा त्यांच्यावरची फवारणी थांबवली तरी ते पैसे वाचतील.

कोकमसरबत

इतकं वाचण्यापेक्षा टेलिग्रामवर एक दोन चांगले चॅनल आहेत. शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सौद्यांत काय घ्यायचं, कधी विकायचं, याचे रोजचे कॉल देतात. माझ्या मित्राने गेल्या महिन्यात आंब्याच्या पेटीचे दर काय असतील तेवढे एका दिवसात काढले. शिकायला यूट्यूब पुरे.

पागोळी

कोकमसरबत, तू वयाने लहान असशील असं धरून काळजीने लिहिते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. माझा चुलतभाऊ त्यांतलाच. काजूचे पैसे, मग बायकोच्या पाटल्या, मग मित्रांकडून उसने. रोज रात्री तो पडवीत मोबाईल घेऊन बसायचा आणि काकू आतून त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड बघत जाग्या असायच्या. तो एका महिन्यात कमावत होता तेव्हा त्यानेही आम्हाला असंच सांगितलं होतं.

सल्ला देणारा सेबीकडे नोंदणीकृत आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून तपास. नंबर मागितल्यावर चॅनलमधून काढून टाकलं, तर उत्तर मिळालंच. आणि ऑनलाइन पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन कर. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

आता शिकण्याबद्दल, कारण मूळ प्रश्न तो आहे. मी रत्नागिरीत शिकते. झिरोधा या शेअर दलाली कंपनीचं 'व्हर्सिटी' हे शिकण्याचं संकेतस्थळ पूर्ण मोफत आहे, इंग्रजीत आणि हिंदीत. त्यातला व्यक्तिगत वित्ताचा भाग आधी वाचायचा, चार्टचे भाग नंतर, किंवा नाहीच. आयआयटी मद्रासच्या पट्टाभिरामन सरांचं 'फ्रीफिनकॅल' हे संकेतस्थळ आहे, इंग्रजीत आहे आणि थोडं जड आहे, पण त्यांच्या हिशेबाच्या तक्त्यांना तोड नाही. सेबीचं 'सारथी' ॲप आहे. सेबी आणि राष्ट्रीय प्रतिभूति बाजार संस्था मिळून गुंतवणूकदारांसाठी मोफत परीक्षा घेतात. त्या संस्थेचा परिसर आपल्याच रायगडात, पाताळगंगेला आहे, हे मला परीक्षा दिल्यावर कळलं. मी परीक्षा दिली ती प्रमाणपत्रासाठी नाही, अभ्यासाला तारीख मिळावी म्हणून. तारीख नसली की माझं वाचन पहिल्या प्रकरणापुढे जात नाही.

मराठीत नियमित वाचायचं तर लोकसत्तेची सोमवारची अर्थवृत्तान्त पुरवणी. पुस्तकं विकत घेण्याआधी रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयात बघा. १८२८ सालचं वाचनालय आहे. मी हाउसेलचं पुस्तक आधी वाचायला मिळवलं, आवडलं, मग विकत घेतलं. त्यातलं चुकीला जागा ठेवण्याबद्दलचं प्रकरण रापणकाकांना कुणीतरी वाचून दाखवावं. अंदाज चुकेल असं धरूनच आखणी करायची, असा त्याचा गाभा आहे. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला ते आपसूक कळेल.

कोकमसरबत

पागोळीताई, ९३ टक्क्यांचं माहीत नव्हतं. तो अभ्यास शोधून वाचतो. मी अजून पैसे लावलेले नाहीत, मित्राचं बघून लावणार होतो.

रापण

माका मोबाईलवर वाचून दाखवणारी पुतणी आसा, तिका सांगतंय. एक इचारूचा होता. खलाशांचो इमो कसो करूचो? गेल्या वर्सा एकाच्या हाताक रोप लागान दोन बोटा गेली.

भरतीओहोटी

ऐकून वाईट वाटलं. प्रत्येक खलाशाचं बँकखातं असेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला एक लाख. वय १८ ते ७०. बोटांच्या बाबतीत अटी मर्यादित आहेत, त्यामुळे मच्छीमार संस्थेमार्फत मिळणाऱ्या गट अपघात विम्याचीही चौकशी करा. जीवनज्योती योजना वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख, १८ ते ५० वयात घेता येते. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप कापला जातो आणि नेमके त्याच दिवसांत खलाशांची खाती रिकामी असतात. शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २० मेला प्रत्येकाच्या खात्यात पाचशे रुपये आहेत ना, ते तुम्ही स्वतः बघा.

चाकरमानी_परळ

विम्यावरून आठवलं. आईच्या नावाची जुनी बचत-विमा पॉलिसी मी याच महिन्यात तपासली. वर्षाला २४,००० प्रमाणे २० वर्षं, शेवटी साधारण नऊ लाख मिळतील असं कागदावर आहे. आई म्हणते भरले चार लाख ऐंशी हजार आणि मिळणार नऊ, दुप्पट! पण वीस वर्षांवर मांडलं तर परतावा पावणेसहा टक्क्यांच्या आतबाहेर. पीपीएफ आज ७.१ टक्के देतं. हिशेब कसा केला, तर गूगल शीटमध्ये दरवर्षीचे हप्ते उणे आकड्यात एकाखाली एक आणि शेवटी नऊ लाख, मग आयआरआर, म्हणजे वार्षिक परतावा काढणारं सूत्र. पाच मिनिटं. हे एक सूत्र शिकलात तर एजंटाच्या गोड तक्त्याला घाबरायला नको. पॉलिसी मध्येच मोडली नाही, चौदा वर्षं झाली आहेत, आता पूर्ण करणंच फायद्याचं निघालं. तेही हिशेब करूनच ठरवलं.

तांबडीमाती

आठ दिवसांनी परत आले. डबा रिकामा केला. दलाली, हमाली, वाहतूक, पेट्या, फवारण्या, मजुरी सगळं वजा जाता गेल्या तीन हंगामांचं हाती आलेलं उत्पन्न: ४,१०,०००, २,६५,००० आणि ३,३०,०००. सुरंगीताई म्हणाल्या तसं पडेल वर्ष धरलं. २,६५,००० भागिले १२, म्हणजे महिन्याला २२,००० च्या आसपास. आमचा खर्च महिना सत्तावीसला पोचतो. दर महिन्याला पाच हजारांची तूट आहे आणि ती उचलीतून भरली जाते, हे पहिल्यांदा कागदावर दिसलं. मी आणि हे दोघं रात्री साडेअकरापर्यंत ओट्यावर बसून होतो. भांडण झालं नाही, उलट मोकळं वाटलं.

ठरवलं ते असं. यंदा उचल निम्मीच घ्यायची, उरलेल्यासाठी किसान क्रेडिट कार्ड. तीन लाखांपर्यंत सात टक्के आणि वेळेत फेडलं की चार, असं बँकेत सांगितलं. अठरा कलमांची फवारणी बंद, दापोलीला फोन केला आहे. मेमध्ये पट्ट्या आल्या की सुरंगीताईंच्या पद्धतीने ठेवी. सगळ्या महिन्यांच्या एकदम जमणार नाहीत, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर एवढ्या तरी करते. भरतीओहोटी काका, त्या ठेवी दोघांच्या नावावर कराव्यात की एकाच्या?

भरतीओहोटी

दोघांच्या नावावर करा आणि 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' हा पर्याय निवडा. तरीही प्रत्येक ठेवीला वारसाचं नाव वेगळं लावून घ्या, खात्याला लावलेलं आपोआप ठेवीला लागतंच असं नाही. पावतीवर ते नाव छापून आलं आहे ना, हे काउंटर सोडण्याआधी बघा. दोघांचीही पॅन कार्डं बरोबर न्या.